रुपाली खोसेची क्षेत्रभेट

भूगोलाला कुणी विचारत नाही. हे रडगाणं म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. वेळापत्रकात एखादा तास कमी पडला की आधी भूगोलाचा जातो. गणिताच्या जादा तासाला खोली हवी असली की माझा वर्ग उठवतात. स्नेहसंमेलनाचा नाच बसवायचा तोही माझ्याच तासाला. सव्वीस वर्षं मी हे बघत आले आणि सव्वीस वर्षं भांडत आले. मोशीच्या पुढे पुणे-नाशिक रस्त्याला लागून आमची शाळा आहे. तिथे माझं नाव विजयश्री मॅडम, आणि माझी पाठ वळली की 'तोफ'. मला ते माहीत आहे. खरं सांगायचं तर आवडतंही.

या तोफेला गप्प करणारी बाई मी एकच पाहिली. ती शिक्षिका नव्हती, अधिकारी नव्हती. चाकणच्या एका कंपनीत ती लाकडी पेट्यांवर पट्ट्या मारायची. तिचं नाव रुपाली खोसे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांना घरी अभ्यास करून दहावीला बसायचं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. बोर्ड त्यांना एक शाळा जोडून देतं. वह्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा हे सगळं त्या शाळेत उरकायचं आणि पेपर लिहायचे. आमच्या पट्ट्यात अशा मंडळींना तोटा नाही. अर्धा मराठवाडा इथे खोल्या करून राहतो. बहुतेक जण एकदा येऊन वह्या टाकतात आणि थेट परीक्षेच्या दिवशी तोंड दाखवतात. रुपाली मात्र दर गुरुवारी यायची, कारण तिच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. कुणी तिला या म्हटलं नव्हतं. ती दहावी 'ब'च्या शेवटच्या बाकावर अपेक्षा नावाच्या पोरीशेजारी येऊन बसली आणि तिने वही उघडली.

पहिल्याच दिवशी मी तिचे कागद बघितले. वय अडतीस. मूळची भूम तालुक्यातली. नवरा नवनाथ भोसरीत प्रेस मशीनवर. शाळा सोडल्याचा दाखला जुना, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मी वरवर चाळून बाजूला ठेवत होते, तर तिने बोट ठेवून मला थांबवलं.

"मॅडम, हितं वाचा."

'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात कुणीतरी झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'स्वेच्छेने'.

"नववीत होते मी," ती म्हणाली. "वडलांनी स्थळ बघितलं, गुरुजींनी दाखला फाडून हातात दिला. माझी इच्छा कुणी इचारली? दोन दिवस कोठीत बसून रडले. आन् कागदावर काय, तर स्वेच्छेने."

मी म्हटलं, "अहो, ते सगळ्यांच्याच दाखल्यावर तसंच लिहितात."

"व्हय, म्हनूनच म्हनते," ती म्हणाली, आणि दाखला घडी घालून पिशवीत ठेवला. तेव्हा मला वाटलं, बाई जरा वाकडी दिसते. आता वाटतं, सरळ होती, म्हणूनच आमच्यात वाकडी दिसली.

तिला दहावी का हवी होती तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नऊ वर्षं ती डिस्पॅचमध्ये, म्हणजे तयार माल बाहेर पाठवतात त्या विभागात होती. गिअरचे भाग तेलकट कागदात गुंडाळायचे, पेटीत रचायचे, पट्टी मारायची, लेबल लावायचं. मग फोर्कलिफ्टवाला येणार आणि पेटी उचलून कंटेनरमध्ये ठेवणार. कुठली पेटी आधी जाईल, वजन कुणीकडे झुकलंय, फोर्कलिफ्टचे दात पेटीखाली कुठून घालायचे, हे सगळं रुपाली खालून ओरडून सांगायची.

"वर बसलेलं पोरगं नुस्ता दांडा ओढतंय," ती म्हणायची. "डोस्कं माझं, शीट त्याची. मग मीच का बसू नये वर?"

कंपनीने बायकांना फोर्कलिफ्ट शिकवायचं ठरवलं तेव्हा तिने सगळ्यांत आधी हात वर केला. सुपरवायझर जयदीप तिच्याहून बारा वर्षांनी लहान. तो म्हणाला, ताई, दहावी पास लागतं. ती म्हणाली, नियम कुठे लिहिलाय तो दाखव. त्याने दाखवला. लिहिलेला होता. मग ती सतरा नंबरचा फॉर्म भरून मोकळी झाली. पुढची बॅच जुलैत होती. त्यानंतर पुन्हा कधी निघेल, निघेल की नाही, हे जयदीपलाही माहीत नव्हतं. म्हणजे एकच परीक्षा आणि एकच जुलै.

इंग्रजीने तिला रडवलं, गणिताने दमवलं. भूगोल मात्र तिने असा धरला की मीच चकित. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. मुलं मला दरवर्षी विचारतात, मॅडम, ब्राझीलच का? मी दरवर्षी काहीतरी ठोकून देते. रुपालीने विचारलं नाही. नकाशात मी ब्राझीलची बंदरं दाखवत होते, तर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सान्तोस!"

पोरं मागे वळून बघू लागली.

"आमच्या पेट्या जातेत तिथं," ती उभी राहून म्हणाली. "लेबल मीच लावते. मॅडम, त्या पेट्यांत ओल शोषायच्या पुड्या दुप्पट टाकायला लावतेत. नऊ वर्षं झाली, का ते कुणी सांगितलं न्हाई."

मी तिला फळ्याजवळ बोलावलं. न्हावा शेव्याहून निघालेलं जहाज विषुववृत्त ओलांडतं, दमट हवेतून आठवडेच्या आठवडे जातं, आफ्रिकेला वळसा घालून मकरवृत्तापाशी सान्तोसला पोहोचतं, हे दाखवलं. ती हाताच्या बोटाने तो रस्ता पुन्हा गिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपल्याकडं उन्हाळ्यात भरलेली पेटी तिकडं थंडीत उघडतेत." सव्वीस वर्षांत कुठल्याही पोराने ऋतूंबद्दलचं हे वाक्य स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या टापूला पुस्तकात अवर्षण चतुष्कोन म्हणतात. ते वाचल्यावर ती हसली आणि अपेक्षाला म्हणाली, "ह्यांचंबी भूम-परांडा हाय बग."

आता क्षेत्रभेट. पुस्तकातला पहिलाच धडा. मुलांनी एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जायचं, प्रश्नावली करायची, माणसांना भेटायचं, बघायचं, आणि अहवाल लिहायचा. त्याचे गुण बोर्डाकडे जातात. फार चांगला धडा आहे. फक्त आमच्याकडे कुणी जात नाही. बसला परवानगी नाही, विम्याचे कागद नाहीत, पालक घाबरतात, मुख्याध्यापक त्याहून जास्त घाबरतात. मग करायचं काय? अकरा वर्षांपूर्वी गुणांची यादी पाठवायच्या आदल्या दिवशी मी वर्गात बसून अलिबागच्या क्षेत्रभेटीचा एक अहवाल सांगितला, मुलांनी लिहून घेतला. पुढच्या वर्षी त्याचीच झेरॉक्स निघाली. नंतर तो आमच्या शाळेतून शेजारच्या दोन शाळांत गेला. 'दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सर्व जण अलिबागच्या किनाऱ्यावर जमलो. समुद्रातून हळूहळू वर येणारे लालबुंद सूर्यबिंब पाहून आमचे भान हरपले.' हे वाक्य माझं. मला त्याचा अभिमानही होता. काही मुलं स्वतःच्या मनाने त्यात 'केशरी गोळा' घालायची, तिथे मी समासात 'छान' लिहायची.

डिसेंबरात मी वर्गात सांगितलं, क्षेत्रभेटीचे अहवाल आणा. रुपालीने हात वर केला.

"बस कुठून सुटनार, मॅडम? मी रजा टाकते."

सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसले. मग तिला समजावून सांगितलं की कुणी जात नाही, अपेक्षाकडून झेरॉक्स घ्या आणि उतरवून काढा. तिचा चेहरा असा झाला, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"जिथं गेले न्हाई, तिथं गेले म्हनून लिवू?"

"सगळेच लिहितात, रुपाली."

"सगळ्यांच्या दाखल्यावरबी स्वेच्छेने लिवतेत," ती म्हणाली आणि खाली बसली.

जानेवारीत तिने वही आणली. वरती लिहिलं होतं, 'क्षेत्रभेट: चाकण'. दोन गुरुवार ती चाकणच्या कांदा बाजारात आणि त्याच्या पुढे कंटेनर उभे राहतात त्या मोकळ्या जागेत फिरली होती. एकवीस ड्रायव्हरांना तिने प्रश्नावली विचारली होती: कुठून आलात, किती दिवस लागले, वाटेत कुठल्या नद्या लागल्या, ऊन-पाऊस कुठे बदलला, झोपता कुठे. तमिळनाडूच्या ड्रायव्हरचं उत्तर हिंदीतून, हरियाणाच्या ड्रायव्हरचं त्याच्याच भाषेत, देवनागरीत जसं ऐकू आलं तसं. कांदा कुठून येतो आणि कुठे जातो याचा नकाशा तिने पेट्यांच्या लेबलांच्या मागच्या बाजूवर काढला होता. नदी निळ्या बॉलपेनने. प्रमाण चुकलं होतं, दिशा बरोबर होत्या.

मी काय केलं? वही परत दिली. म्हटलं, नमुन्याप्रमाणे नाही, चालणार नाही.

हे मला लिहावंच लागेल, म्हणून लिहिते. मी घाबरले होते. सर्वांना तोफ म्हणून माहीत असलेली मी, एका प्रामाणिक वहीला घाबरले. कारण ती बरोबर असेल तर उरलेल्या सगळ्या वह्या खोट्या ठरत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या खाली माझी सही होती.

रुपालीने वही तशीच पुन्हा आणून टेबलावर ठेवली. मी ती मुख्याध्यापकांकडे नेली. यशवंतराव सर इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी. माणूस वाईट नाही, पण कागद सरळ दिसला पाहिजे एवढंच त्यांना कळतं. पुढच्या गुरुवारी त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

"बाई, कशाला वाकड्यात शिरताय?" ते रुपालीला म्हणाले. "चार पानं उतरवायची हायत. बाकीच्या सव्वाशे पोरांनी उतरवली का न्हाई? उद्या तपासणी आली, तर सव्वाशे पोरं अलिबागला गेलेली आन् तुमी एकट्याच चाकणला. साहेब विचारतील, सहल नक्की कुठं गेलती? आमी काय सांगायचं?"

"खरं सांगायचं," रुपाली म्हणाली.

"शनिवारी यादी बोर्डाला जाणार. तोपर्यंत अलिबागची वही आली न्हाई, तर तुमच्या नावापुढं गैरहजर लागंल. मग निकाल अडकला तर आमाला बोल लावायचा न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा जुलै तिथे त्या टेबलावर होता. मला वाटलं, आता वाकेल. कुणीही वाकलं असतं. मी तर वाकून अकरा वर्षं झाली होती.

ती म्हणाली, "गैरहजर लावू नका, सर. मी हजर हाय. वही द्यायला हजर हाय, इचारलं तर सांगायला हजर हाय. शून्य द्यायचं तर शून्य द्या. पन शून्य का दिलं, ते खाली लिवून सही करा. पेपरात तुमी आमाला इचारता न्हवं, भौगोलिक कारणं लिवा म्हनून? मग तुमीबी एक लिवा. एकदा माझ्या नावावर खोटं कारण लागलंय. पंचवीस वर्षं ते पिशवीत घेऊन हिंडते मी. दुसऱ्यांदा लागू देनार न्हाई."

यशवंतराव सर माझ्याकडे बघू लागले, म्हणजे आता तोफ उडवा. आणि मी उडवली, तीही चुकीच्या दिशेने.

"फार झालं," मी म्हटलं. "इतकं नाक वर करून अलिबागची वही नाकारताय, समुद्र तरी पाहिलाय का कधी?"

"न्हाई पाहिला," ती म्हणाली. "म्हनून तर लिवला न्हाई." "राग मानू नका, मॅडम. पन तुमी पाहिलाय का?"

"म्हणजे?"

तिने पिशवीतून अपेक्षाची झेरॉक्स काढली, शेजारी स्वतःची वही उघडली. तिच्या प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता: गाडी कुठल्या वेळी काढता आणि का? उत्तर देणारा रोहिदास, चाकणचाच, रोज कंटेनर घेऊन तळेगावमार्गे न्हावा शेव्याला जाणारा. तिने त्याचं उत्तर मोठ्याने वाचलं.

"'आमी सकाळचं निघतो, ताई. सकाळी सूर्य पाठीमागं असतो, नुस्ता आरशात दिसतो. दुपारनं निघालं की समोरनं थेट डोळ्यात. बंदरापत्तुर डोळं दिपत्यात.'" तिने वही खाली ठेवली. "म्हंजे सकाळी सूर्य पाठीमागं. समुद्र पुढं. मग मॅडम, ह्या सव्वाशे पोरांनी सकाळच्या पारी समुद्रातून सूर्य वर येताना बघितला कसा?"

मी झेरॉक्स हातात घेतली. माझंच वाक्य. लालबुंद सूर्यबिंब. आपला किनारा पश्चिमेला, सूर्य तिथे मावळतो, हे मी पाचवीच्या पोरांना शिकवते. आणि दहावीच्या पोरांकडून अकरा वर्षं मी सूर्य अरबी समुद्रातून वर काढून घेतला होता. हजाराच्या वर वह्या. प्रत्येकीवर बरोबरची खूण, काहींवर 'छान'. एकाही पोराच्या लक्षात आलं नाही, कारण एकही पोर तिथे उभं नव्हतं. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मीही नव्हते. कॅलेंडरवरच्या कुठल्याशा चित्रातला सूर्योदय मी शोभेसाठी उचलून तिथे चिकटवला होता.

मला रडू येईल असं वाटलं, आणि ते येण्याआधी यशवंतराव सर म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, त्यात काय एवढं. पोरांच्या काय लक्षात येतंय."

त्या वाक्याने मला वाचवलं. रडू पळालं आणि राग आला, आणि या वेळी तो योग्य माणसावर आला. मी म्हटलं, "सर, पोरांच्या लक्षात येत नाही म्हणून आपल्याला पगार मिळतो का?" मग मी लाल पेन काढलं, रुपालीच्या वहीत शेवटच्या पानावर पूर्ण गुण लिहिले आणि सही केली.

वही तिच्यापुढे सरकवली. तिने बघितलं आणि परत माझ्याकडे सरकवली.

"कारण?"

"अहो, पूर्ण दिलेत!"

"पूर्ण दिले तरी कारण लिवा. उपकार म्हनून नगं मला."

मी लिहिलं, 'कारण: विद्यार्थिनी प्रत्यक्ष गेली होती.'

तिने ते दोनदा वाचलं. मग दाखला काढला, चिकटपट्टीवाला, आणि त्या पानाच्या आत ठेवून वही मिटली.

"तपासणीला मी काय सांगू?" यशवंतराव सरांनी विचारलं.

"माझं नाव सांगा," मी म्हटलं. "समुद्रातून सूर्य वर काढणाऱ्या बाई त्याच, म्हणावं."

तपासणी आलीच नाही. ज्यांना आम्ही सगळे एवढे भ्यालो ते साहेब कोण होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मे महिन्यात निकाल लागला. रुपाली खोसे पास. इंग्रजीत छत्तीस, म्हणजे काठावर. सामाजिक शास्त्रांत बहात्तर. जूनमध्ये तिने गुणपत्रिका जयदीपपुढे ठेवली, आणि जुलैत माझ्या फोनवर एक फोटो आला. पिवळी फोर्कलिफ्ट, डोक्याला शिरस्त्राण, दोन्ही हात दांड्यांवर. खाली दोनच शब्द: 'वर बसले.' मी तो फोटो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला, गणिताच्या सरांना दोनदा.

गोष्ट इथे संपली असती तर मी जरा बऱ्या अवस्थेत सुटले असते. पण शाळेचं नवं वर्ष सुरू झालं होतं, क्षेत्रभेटीचा धडा आला, आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मला ती फार थोर वाटली. मी रुपालीला फोन केला. म्हटलं, तुमची वही द्या, अलिबागचा नमुना मी फाडून टाकलाय, यापुढे शाळेत तुमचा अहवाल नमुना म्हणून देऊ. तुमच्या नावासकट.

फोनवर मागे मशिनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "न्हाई देनार."

"अहो, मानाची गोष्ट आहे."

"कशाचा मान, मॅडम? उद्या सव्वाशे पोरं लिवतील, आम्ही रोहिदासभाऊंना भेटलो. एकबी भेटलेलं नसनार. आलिबागच्या जागी चाकण, एवढंच. माझी वही माझी हाय. पोरांला घेऊन जा तुमी. आन् तुमची वही तुमी लिवा."

आणि फोन ठेवला. तिची शिफ्ट सुरू होती.

चार दिवस मी धुसफुसत होते. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहते मी. चार दिवस सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभी राहायची आणि समोरच्या इमारतीच्या मागून सूर्य कधी वर येतो ते बघायची. दिशा कळायला मला इमारतींची नावं आठवावी लागत होती. पाचव्या दिवशी मी यशवंतराव सरांकडे गेले आणि म्हटलं, सहल काढायची, अलिबागला, खरीखुरी. ते म्हणाले परवानगी. मी अर्ज ठेवला. ते म्हणाले विमा. मी कागद ठेवले. ते म्हणाले पालक. मी एकशे अठरा सह्या ठेवल्या. ते म्हणाले, "मॅडम, हे करून न्हाई चालायचं." मी म्हटलं, "मग नाही का म्हणता त्याचं कारण लिहून द्या, सर." कारण काही त्यांना लिहिता आलं नाही. सही केली.

सहल डिसेंबरातल्या एका गुरुवारी ठेवली. का ते सांगायला नको. मोशीच्या चौकात सकाळी तीन बसगाड्या उभ्या होत्या, आणि रुपाली डबा आणि वही घेऊन आमच्या आधी येऊन थांबली होती. तिने ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरली. एक्स्प्रेसवेला लागलो, उजाडलं, आणि तळेगावच्या पुढे ती उठून ड्रायव्हरच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"आरशातच हाय," ती मागे वळून पोरांना म्हणाली. "लिवा रे."

अलिबागला पोरांनी कोळणींना प्रश्न विचारले, वाळू मुठीत भरली, ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्या, दोन पोरं भिजली, एकाची चप्पल गेली. रुपालीने पाण्यात पाऊल ठेवायला बराच वेळ घेतला. ठेवलं, आणि मग संध्याकाळपर्यंत काढलंच नाही. दूर एक जहाज होतं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "आमची पेटी असंल का हो त्यात?" मी म्हटलं, असेलही.

निघायची वेळ टळून गेली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, यशवंतराव सर शाळेतून फोनवर फोन करत होते. मी कुणालाही बसमध्ये चढू दिलं नाही. एकशे अठरा पोरं वह्या घेऊन किनाऱ्यावर ओळीने उभी केली. लालबुंद सूर्यबिंब समोर होतं, अगदी माझ्या वाक्यातलं, फक्त ते खाली चाललं होतं. पाण्याला टेकलं, अर्धं झालं, गेलं. पोरं ओरडली. मी तशीच उभी होते. छप्पन्न वर्षांची बाई, भूगोलाची शिक्षिका, आणि हे पहिल्यांदा बघत होते.

रुपालीने माझ्या हाताला कोपर लावलं. तिच्या हातात पेन होतं, ते तिने माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, तुमची वही काढा," ती म्हणाली. "लिवा. मावळला."